एका मीटरला २१ सेकंद : शंटिंगची छोटी इंजिनं जमवणाऱ्या नवशिक्यांसाठी

भुसावळच्या रेल्वे कॉलनीत वाढलेल्या माणसाला झोपेतही मालगाडीच्या वाघिणी जोडल्याचा आवाज ओळखू येतो. आधी लांबून एक ठोका, मग तोच ठोका डब्याडब्यांतून पुढे सरकत जातो आणि शेवटी सगळं शांत होतं. आमच्या शेजारी एक अण्णा राहायचे. शंटर म्हणून निवृत्त झालेले. मी पहिलं छोटं मॉडेल इंजिन आणलं तेव्हा त्यांना ओट्यावर बोलावून दाखवलं. इंजिन सुर्रकन फळीच्या टोकाला गेलं आणि डब्यांवर आपटलं. अण्णा इतकंच म्हणाले, "हयू घे, भाऊ, हयू." म्हणजे हळू. हा लेख त्या एका वाक्यावरच उभा आहे. शंटिंगचं इंजिन ओढतं किती किंवा दिसतं किती देखणं, हे नंतर पाहू. आधी ते हळू चालतं का ते पाहायचं.

शंटिंगचं इंजिन म्हणजे यार्डात डबे हलवणारं, तोडणारं, जोडणारं, रेक म्हणजे डब्यांची पूर्ण रांग लावून देणारं इंजिन. मेलगाडी ओढायचं काम त्याचं नाही. घरी छंद करायचा तर मेलगाडीला मोठं वर्तुळ लागतं, म्हणजे अख्खी खोली गेली. शंटिंगला एक फळी पुरते. दोन खोल्यांच्या घरात, कपाटावर ठेवता येईल एवढ्या जागेत हा छंद मांडता येतो. नवशिक्यानं इथूनच सुरुवात करावी असं मला मनापासून वाटतं.

आधी खरं शंटिंग बघा

काहीही विकत घेण्याआधी दोन-तीन संध्याकाळी स्टेशनवर घालवा. भुसावळ असेल तर उत्तम, कारण मुंबई, नागपूर, इटारसी आणि सुरतेकडच्या गाड्या तिथे येऊन मिळतात. जळगाव, चाळीसगाव, नंदुरबारही चालेल. फलाट तिकीट काढा आणि पादचारी पुलावर किंवा फलाटाच्या टोकाला उभे राहा. यार्डात उतरू नका. ते धोक्याचं आहे, आणि रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४७ प्रमाणे गुन्हाही आहे.

बघायचं काय? इंजिन डब्याजवळ येतं आणि थोडं अंतर राखून थांबतं. पॉइंट्समन बाजूला उभा असतो, हातात झेंडी किंवा दिवा. त्याचा इशारा मिळाला की इंजिन जेमतेम सरकतं, टेकतं, कपलिंग लागतं. मग थोडं मागे ओढून जोड पक्का झाला का ते पाहतात. या थांबण्यात आणि सरकण्यातच सगळी गंमत आहे. भारतीय रेल्वेच्या नियमाप्रमाणे शंटिंगचा वेग साधारणपणे ताशी १५ किलोमीटरच्या वर जाऊ द्यायचा नसतो. स्फोटकांसारखा धोक्याचा माल असेल तर ताशी ८. हे दोन आकडे वहीत लिहून ठेवा, पुढे कामाला येतील.

माप ठरवा

बाजारात दोन-तीन मापंच मुख्यतः भेटतील. एचओ म्हणजे १:८७, रुळांमधलं अंतर १६.५ मिलिमीटर. ब्रिटिशांचं ओओ म्हणजे १:७६, पण रूळ तेच १६.५ मिलिमीटरचे. आणि एन म्हणजे १:१६०, रूळ ९ मिलिमीटर. जागा अगदीच नसेल तर एन, पण नवशिक्याच्या हाताला एचओ किंवा ओओ सोपं जातं. चाकं पुसणं, तार जोडणं, कपलिंग बसवणं, हे सगळं दिसतं तरी.

एक गोष्ट आधीच सांगतो, म्हणजे नंतर मन खट्टू होणार नाही. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा. १:८७ मध्ये तो १९ मिलिमीटरच्या थोडा वर जातो. म्हणजे भारतीय इंजिनाचं मॉडेल १६.५ मिलिमीटरच्या रुळावर ठेवलं की खालून जरा अरुंद दिसतं. मी हे पहिल्या दिवसापासून मान्य केलं आहे. वेगळे रूळ स्वतः ठोकत बसण्यापेक्षा इंजिन चालवण्यात वेळ घालवावा.

इंजिन निवडताना

आपल्याकडची शंटिंगची दोन ओळखीची डिझेल इंजिनं म्हणजे डब्ल्यूडीएस-४ आणि डब्ल्यूडीएस-६. पहिलं चित्तरंजनच्या कारखान्याचं. तीन आस (म्हणजे चाकांच्या तीन जोड्या), चाकांना बाहेरून जोडदांडे, डिझेल-हायड्रॉलिक, म्हणजे ताकद तेलाच्या माध्यमातून चाकांना जाते. दुसरं लांब, सहा आसांचं, सहा सिलिंडरच्या, अमेरिकन आराखड्याच्या अ‍ॅल्को इंजिनाचं, साधारण १४०० अश्वशक्तीचं. यांची तयार मॉडेलं सहज हाती लागत नाहीत. बहुतेक वेळा थ्रीडी प्रिंटरवर छापलेला सांगाडा घेऊन तो परदेशी चासीवर, म्हणजे मोटर आणि चाकांच्या खालच्या भागावर, बसवावा लागतो. ते काम दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी करा.

सुरुवातीला परदेशी पण कामाला चोख असं इंजिन घ्या. ब्रिटिश क्लास ०८ माझं आवडतं. १९५२ ते १९६२ या काळात अशी ९९६ इंजिनं बनली, ३५० अश्वशक्तीची, तीन आस आणि जोडदांडे. हॉर्नबी आणि बाकमन या दोन्ही मॉडेल कंपन्यांनी ते ओओमध्ये काढलं आहे. जोडदांड्यांमुळे ते आपल्या डब्ल्यूडीएस-४ च्या घरातलंच वाटतं. अमेरिकन बाजूला अ‍ॅल्कोचं एस-२ आणि ईएमडीचं एनडब्ल्यू२, दोन्ही १००० अश्वशक्तीची. अ‍ॅटलासनं एचओमध्ये एस-२ काढलं, काटोनं एनमध्ये एनडब्ल्यू२. ही चार आसांची, दोन बोगींची (बोगी म्हणजे इथे डबा नव्हे, चाकांचा फिरता गाडा) इंजिनं आहेत, त्यामुळे रुळावर जास्त स्थिर चालतात. पहिलंच इंजिन घेणाऱ्याला मी हीच सुचवतो. जोडदांड्यांचं इंजिन दिसायला गोड, पण त्याची मेहनत जास्त.

आता परीक्षा. रुळाशेजारी एक मीटरवर दोन खुणा करा. ताशी १५ किलोमीटर म्हणजे सेकंदाला ४.१७ मीटर. त्याला ८७ नं भागलं की पाच सेंटिमीटरपेक्षा थोडं कमी येतं. म्हणजे एचओचं इंजिन एक मीटर जायला निदान २१ सेकंद घ्यायला हवं. ओओला १८, एनला ३८. ताशी ८ चा हिशोब केला तर एचओला ३९ सेकंद. ज्या इंजिनाला न अडखळता, न थांबता, दोन्ही दिशांनी २१ सेकंदात मीटर कापता येतं ते पास. ३९ सेकंद जमले तर सोन्याहून पिवळं. दुकानदाराला किंवा विकणाऱ्याला याचाच व्हिडिओ मागा. नुसतं "एकदम मस्त चालतं" ऐकून पैसे देऊ नका.

मी एकदा तसे दिले. जुनं तीन आसांचं इंजिन, विकणारा म्हणाला डब्यातून काढलेलंही नाही. आलं तेव्हा चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एक "टिक" ऐकू यायचं. आसावरचं गिअर चिरलेलं होतं. तेव्हापासून जुनं इंजिन घेताना मी चार गोष्टी विचारतोच: टिक आवाज येतो का, रबरी टायर असलेली चाकं किती, वीज किती चाकांतून घेतो, आणि खालचं धातूचं वजन तडकलंय किंवा फुगलंय का. जुन्या जस्ताच्या ओतीव भागांना तडे जाण्याचा रोग असतो आणि त्यावर औषध नाही. रबरी टायर ओढायला बरे, पण त्या चाकातून वीज येत नाही. सहाच चाकं असलेल्या इंजिनात दोन चाकं अशी गेली तर उरली चार, आणि पॉइंटवर, म्हणजे रुळाला जिथे दोन वाटा फुटतात तिथे, ते हमखास अडतं.

पैशाचा हिशोब करताना आयात शुल्क विसरू नका. खेळणी आणि मॉडेलं आपल्याकडे एकाच शीर्षकाखाली येतात. मूळ शुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झालं आणि २०२३ मध्ये ७० टक्के. परदेशी दुकानातली किंमत पाहून हुरळून जायचं नाही. पहिलं इंजिन देशातल्याच एखाद्या छंदी माणसाकडून, समोर चालवून पाहून घेतलेलं उत्तम.

फळी मांडा

अ‍ॅलन राइट नावाच्या ब्रिटिश छंदी माणसाचं एक कोडं आहे, इंगलनुक. तीन सायडिंग (डबे उभे करायचे, टोकाला संपणारे रूळ) आणि दोन पॉइंट, बस. एका सायडिंगवर पाच वाघिणी मावतात, उरलेल्या दोन्हींवर तीन-तीन. आणि पॉइंटच्या अलीकडच्या रुळावर इंजिन अधिक तीन वाघिणी. चार चाकांच्या दहा सेंटिमीटरच्या वाघिणी धरल्या तर एचओत दीड मीटर लांब आणि तीस सेंटिमीटर रुंद फळी पुरते. १२ मिलिमीटरचं प्लायवूड घ्या आणि खाली लाकडी पट्ट्यांची चौकट मारा, म्हणजे ती वाकणार नाही.

मी माझ्या फळीला केळीची सायडिंग केलं आहे. रावेर, सावदा, निंभोरा या पट्ट्यातली केळी रेल्वेनं उत्तरेकडे जाते, हे आपल्याकडच्या पोरालाही ठाऊक असतं. आता मालगाड्या बहुधा पूर्ण रेकनंच धावतात, म्हणून मी काळ मागे नेला आहे, सुट्या वाघिणी हलवायच्या तो. मालधक्क्यावर आइस्क्रीमच्या काड्यांची पेटारं आणि हिरव्या कागदाचे घड. तुम्ही सरकीची सायडिंग करा, नाहीतर औष्णिक वीज केंद्राची कोळशाची. ओळखीचं काही असलं की फळीवर मन रमतं.

पॉइंट घेताना पैसे वाचवू नका. पॉइंटच्या मधोमध दोन रूळ जिथे एकमेकांना छेदतात त्या भागाला फ्रॉग म्हणतात. स्वस्त पॉइंटमध्ये तो प्लास्टिकचा असतो, म्हणजे तिथे वीज नाही. लांब इंजिन त्यावरून सरकून जातं. शंटिंगचं आखूड इंजिन हळू आलं की नेमकं तिथेच मरतं. वीज असलेल्या फ्रॉगचा पॉइंट घ्या. पॉइंट जिकडे वळेल तशी फ्रॉगची वीज बदलायला हवी, त्यासाठी साधं स्विच खाली बसवता येतं. वाटलं तर पहिल्यांदा कोणाकडून तरी सोल्डरिंग करून घ्या. प्रत्येक रुळाच्या तुकड्याला स्वतःची तार द्या, रुळांच्या जोडपट्टीवर भरवसा ठेवू नका.

खडी टाकताना खास खानदेशी सूचना. गिरणेच्या किंवा तापीच्या काठची वाळू चाळून वापरायचा मोह होतो, मलाही झाला. आपली वाळू काळ्या बेसॉल्टच्या खडकातून आलेली, तिच्यात लोहचुंबकाला चिकटणारे बारीक काळे कण असतात. एक चुंबक कागदात गुंडाळून वाळूतून फिरवून बघा. बाहेर येईल तेव्हा त्याला काळी दाढी फुटलेली असेल. हेच कण इंजिनाच्या मोटरमध्ये जातात. चुंबक पाच-सहा वेळा फिरवून कण निघेनासे झाले की मगच वाळू वापरा, आणि पॉइंटच्या हलत्या पट्ट्यांजवळ अजिबात नको.

वीज

एका इंजिनाला साधा डीसी कंट्रोलर, १२ व्होल्टपर्यंतचा, भरपूर झाला. नॉब फिरवला की रुळातला व्होल्टेज वाढतो, इंजिन पळतं. डीसीसी म्हणजे डिजिटल पद्धतीत रुळात वीज कायम पूर्ण असते आणि इंजिनातला डीकोडर हुकूम ऐकतो. नव्या डीकोडरचा पत्ता, म्हणजे त्याला हाक मारायचा क्रमांक, साधारणपणे ३ असतो. शंटिंगसाठी त्याच्या चार-पाच खोड्या, म्हणजे सीव्ही नावाच्या सेटिंग, शिकल्या की पुरे. सीव्ही २ म्हणजे पहिला धक्का किती द्यायचा, सीव्ही ३ वेग घेणं, सीव्ही ४ वेग सोडणं, सीव्ही ५ कमाल वेग, सीव्ही ६ मधला. माझा क्रम असा: सीव्ही ५ अर्ध्यावर आणतो, मग सीव्ही २ एकेक आकड्यानं वाढवतो, इंजिन पहिल्याच पायरीवर जेमतेम हलेपर्यंत. सीव्ही ४ फार वाढवू नका. थांबायला सांगितल्यावर इंजिन घसरत राहिलं तर वाघिणीवर आपटतं.

जमलं तर इंजिनात छोटा कपॅसिटर बसवून घ्या. रुळावर धुळीचा कण आला तरी क्षणभर मोटर चालू राहते. आणि डीकोडर नसलेलं इंजिन डीसीसीच्या रुळावर उभं ठेवू नका. मोटर गुणगुणते, तापते, जळते. लोडशेडिंगमध्ये इन्व्हर्टरवर चालवायचं असेल तर आधी इंजिन थांबवा, मग वीज बदलू द्या.

जोडणं-तोडणं

मुठीसारखे एकमेकांत अडकणारे कपलिंग घ्या, केडी कंपनीच्या पद्धतीचे. ते आपल्या आजच्या वाघिणींच्या सीबीसी म्हणजे सेंटर बफर कपलरसारखे दिसतात. सगळे एकाच उंचीवर हवेत. उंची तपासायचं माप मिळतं, तेवढं घ्याच. तोडायला चुंबकाची सोय असते, पण मी बांबूची पातळ काडी वापरतो. दोन कपलिंगच्या मध्ये वरून घालायची आणि हलकेच पिळायची. हातात काडी असली की आपण आपोआप पॉइंट्समनसारखे थांबतो, वाकतो, बघतो.

हलकी वाघीण टेकवली की जोडण्याआधीच पळते. अमेरिकन छंदी मंडळींच्या संघटनेचा एचओसाठी नियम आहे: आधी एक औंस, वर लांबीच्या प्रत्येक इंचाला अर्धा औंस. दहा सेंटिमीटरच्या वाघिणीला साधारण ८५ ग्रॅम भरतात. वजन कमी पडलं तर आत शिशाचे तुकडे चिकटवा आणि हात साबणानं धुवा. लोखंडी नट टाकाल तर खालचे चुंबक वाघिणीला ओढतील.

मग खेळा

पाच वाघिणी लांब सायडिंगवर, तीन आखूड सायडिंगवर. आठ चिठ्ठ्या करा, पाच काढा. निघाल्या त्याच क्रमानं ती पाच वाघिणींची गाडी लांब सायडिंगवर लावायची. आठातून पाच क्रमानं निवडायच्या म्हणजे ६७२० वेगवेगळ्या गाड्या होतात. रोज एक लावली तरी अठरा वर्षांहून जास्त. एक माणूस इंजिन चालवतो, दुसरा काडी धरतो, बोलायचं नाही, फक्त हातानं इशारा. आमच्या घरी माझी मुलगी पॉइंट्समन असते. मी जरा वेग वाढवला की ती लाल रुमाल धरते आणि मी थांबतो. पहिल्या आठवड्यात एका गाडीला अर्धा तास लागेल. लागू द्या.

ऊन, धूळ, रुई

खानदेशात या छंदाचा खरा शत्रू हवा आहे. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, आणि पत्र्याच्या खोलीत त्याहून कितीतरी जास्त. पीएलए प्लास्टिकचा छापील सांगाडा साधारण ६० अंशांना मऊ पडतो. माझा एक सांगाडा पत्र्याखालच्या माळ्यावर लोखंडी पेटीत राहिला. जूनमध्ये उघडला तर छप्पर मधोमध पन्हाळीसारखं खचलेलं. कित्येक रात्री घासून गुळगुळीत केलेला. आता सगळं तळमजल्यावर, भिंतीच्या आतल्या कपाटात.

रूळही वाढतात. दीड मीटर निकेल-सिल्व्हरचा रूळ थंडीतल्या १० अंशांवरून ४५ वर गेला की जवळपास एक मिलिमीटर लांबतो. म्हणून जानेवारीत रूळ ठोकत असाल तर जोडांमध्ये व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीच्या दोन-तीन फटी ठेवा. मे महिन्यात ठोकत असाल तर फट नाही ठेवली तरी चालतं. पावसाळ्यात प्लायवूड फुगतं, म्हणून त्याला खालून-वरून दोन्ही बाजूंनी रंग द्या.

काळ्या मातीची धूळ आणि जिनिंगच्या दिवसांत उडणारी रुई चाकांत गुंडाळते. दिवाळीनंतर दर आठवड्याला मी इंजिन उलटं करून चिमट्यानं आसांवरची रुई काढतो. रूळ पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल, मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे मिळतं. वीज बंद करून, खिडकी उघडून, कपड्यानं. सँडपेपर कधीच नाही. त्याच्या ओरखड्यांत पुढची घाण जास्त बसते. दोन बोगींच्या इंजिनाची चाकं पुसायची सोपी युक्ती आहे: अल्कोहोलनं ओलसर केलेला कागद रुळावर ठेवा, एक बोगी त्यावर, दुसरी उघड्या रुळावर, इंजिन हातानं धरून ठेवा आणि थोडी वीज द्या. चाकं कागदावर फिरतात आणि काळ्या रेघा उमटतात. मग बाजू बदला. गिअरला तेल सुईच्या टोकावर मावेल एवढंच, प्लास्टिकला चालणारं.

संग्रह

एक इंजिन नीट चालायला लागलं की दुसऱ्याची ओढ लागते. दोन-तीन वर्षांत चार इंजिनं झाली की वही सुरू करा: कुठून घेतलं, कधी तेल दिलं, मीटरला किती सेकंद. हा शेवटचा आकडा दर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा काढा. पास झालेलं इंजिन पुढे २१ सेकंदाला अडखळायला लागलं, त्याला १५ सेकंदाचा वेग लागतोय, म्हणजे चाकं मळली किंवा ग्रीस घट्ट झालं. मूळ डबे जपा, पण आतला जुना फोम चिकट होऊ लागला तर काढून मऊ सुती कापड ठेवा. सोबत सिलिका जेलची पुडी. नुसतं शोकेसमध्ये ठेवलेलं इंजिन आतून आखडतं. महिन्यातून एकदा तरी प्रत्येकाला दहा मिनिटं दोन्ही दिशांनी फिरवा.

संग्रहाला एक दिशा ठेवा. मी फक्त जोडदांड्यांची घेतो. कोणी एकाच कारखान्याची, कोणी एकाच काळातली. आणि खानदेशातल्या माणसाला एक दिशा अशी आहे जी बाहेरच्याला सुचणार नाही: पाचोरा-जामनेर. ती ७६२ मिलिमीटरची छोटी लाइन १:८७ मध्ये ९ मिलिमीटरच्या जवळ येते. म्हणजे एनचे रूळ आणि एनच्या शंटिंग इंजिनाची चासी घ्यायची, वर एचओच्या मापाचा सांगाडा बसवायचा. माझ्या टेबलावर सध्या हेच चाललंय. चासी ३५ सेकंदात मीटर कापते. पुठ्ठ्याचा सांगाडा वर ठेवला की अजून डोलतो. वजन पुढे सरकवून बघायचं आहे.